पहिले दोन पेले

१

चाखणी मंडळाच्या फळ्यावर सकाळी निकाल लागला, आणि त्यात मब्रूका मावशीचं तेल नव्हतं.

खालच्या नंबरावर गेलं होतं असं नाही, नव्हतंच. वरून खाली वाचा, खालून वर वाचा, मावशी चालवायची त्या आगारेब गावच्या बायकांच्या सहकारी घाण्याचं नाव कुठेही सापडेना. आणि चाखणीच्या दिवशी याच तेलाचा घोट घेऊन परीक्षक बोलायचे थांबले होते. सफाक्समध्ये जैतुनाच्या तेलावर बोलताना माणूस मधेच थांबला, तर त्याला ठसका लागलेला असतो किंवा स्वर्ग दिसलेला असतो. खरं चांगलं तेल दोन्ही करतं.

मब्रूका मावशीने अंगावरची पांढरी सफसारी कमरेला खोचली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "माझं तेल प्यायलात, बशी भाकरीने पुसून खाल्लीत. आता ढेकर मात्र हाजी लमजदच्या नावाचा देता होय रे?"

कारण फळ्यावर पहिला नंबर हाजी लमजदचा होता.

मंडळाचे चिटणीस तौफिक साहेब हुशार माणूस. पुढ्यातला चहा निवायच्या आत त्यांनी चोर ठरवला. परीक्षकांचे गुण मशीनवर उतरवायचं काम हयातकडे. हयातचा साखरपुडा झालेला हाजी लमजदच्या घाण्यावरच्या मुकादमाशी. मावशीचं तेल गळालं की फायदा हाजींचा. झालं! हयातचं नोकरीचं पत्र त्यांनी तिथेच फाडलं. दुपारी बक्षीस समारंभ, तो उरकला की ती पोलिसांच्या स्वाधीन. फक्त एक सही हवी होती, मशीन निर्दोष असल्याची. त्या सहीसाठी त्यांनी शदलिया मसमूदीला बोलावलं.

शदलियाचा धंदा दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेले प्रोग्राम दुरुस्त करण्याचा. बंदराच्या कचेरीपासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत कुठेही हिशेब अडला की लोक तिला हाक मारत. माणसांकडेही ती त्याच नजरेने बघे: जमेला काय, खर्चाला काय, आणि बाकी कुठे लपवलीय.

"लल्ला शदलिया, इथे सही करा," बायकांना मानाने मारायची हाक मारत तौफिक साहेबांनी कागद पुढे सरकवला. "मशीन ठीक आहे. माणूस वाईट आहे."

"साहेब, लग्नाआधी मुलगी बघतात. मशीन तरी बघू द्या की."

हयात कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसली होती. डोळे सुजलेले, पण मान खाली नाही. शदलियाने तिला एकच विचारलं, "पोरी, मावशीच्या बरणीची फाइल तू काढून टाकलीस?"

"मी हातसुद्धा लावला नाही. गुण उतरवले, जपून ठेवले, उठले. तुम्हालाही खोटं वाटत असेल तर तसं तोंडावर सांगा."

"मला अजून काहीच वाटत नाही. वाटण्याचे पैसे मी वेगळे घेते," म्हणत शदलियाने मशीनवरचा तो फोल्डर उघडला. स्पर्धेला आलेल्या प्रत्येक बरणीची एक फाइल, फाइलीचं नाव म्हणजे बरणीचा नंबर, आत मालकाचं नाव आणि गुण.

ती वाचत खाली आली आणि थांबली.

मब्रूका मावशीच्या बरणीची फाइल तिथेच होती. आत सगळे गुण जसेच्या तसे. चोरी झालेला माल घरातच, आपल्या जागेवर, कडी न लावता पडलेला.

२

"म्हणजे तिने परत आणून ठेवली!" तौफिक साहेब जराही अडखळले नाहीत. "बोंबाबोंब झाली तशी घाबरली."

"मग आता निकाल पुन्हा काढला तर मावशी त्यात यायला हव्यात."

शदलियाने निकालाचा प्रोग्राम पुन्हा चालवला. छपाईयंत्राने कागद ओकला. तौफिक साहेबांनी तो वरून खाली वाचला आणि त्यांचा चेहरा ब्रिक नावाच्या शिळ्या समोशासारखा मऊ पडला.

मब्रूका मावशी नाही.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," दारात उभी मावशी म्हणाली. "मला डोळ्यांनी दिसतंय ते तुमच्या मशीनला दिसत नाही काय रे?"

"पण मशीन चुकणं शक्यच नाही!" साहेबांनी आवाज चढवला. "त्याने नग मोजून दिलेत ना. जेवढ्या बरण्या आल्या तेवढ्याच ओळी निकालात आहेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. बेरीज जुळते म्हणजे हिशेब खरा."

शदलिया त्यावर हसली. आयुष्यात तिने पाहिलेले सगळ्यात खोटे हिशेब जुळलेलेच होते. न जुळणारा हिशेब बिचारा प्रामाणिक असतो. निदान तोंड तरी वाकडं करतो.

"साहेब, मावशी यादीत नाहीत, तरी नग पूर्ण. मग मावशींच्या जागी बसलंय कोण?"

साहेब कागद पुन्हा चाळू लागले.

तिने कागद खेचून घेतला. फळ्यावर लावला होता तो हाताने उतरवलेला, सुंदर अक्षरातला निकाल. हा यंत्राने छापलेला, काही न गाळलेला. त्याच्या अगदी तळाशी, शून्य गुणांच्या दोन ओळी होत्या. एकीत मालकाच्या नावाच्या जागी नुसतं एक टिंब. दुसरीत दोन.

"हे काय?"

"डाग. शाईचे," साहेब म्हणाले. "नाहीतर कागद संपल्याची खूण असेल. फळ्यावर उतरवताना मीच ते गाळायला सांगितले."

"शाईचा डाग बाजूला शून्य गुण लिहून घेतो?" शदलियाने कागद खिडकीच्या उजेडात धरला. "मशीन नवीन दिसतं."

"याच हिवाळ्यात घेतलं. जुनं धापा टाकायचं. उस्ताद बशीर स्वतः आले, त्यांचाच प्रोग्राम, त्यांनी नव्या मशीनवर बसवून दिला. मशीनने साधी कुरकुर केली नाही. गेल्या वर्षीच्या बरण्या घालून बघितल्या, पहिले तीन नंबर तंतोतंत तेच आले."

"आणि खालचे?"

"खालचे कोण बघतं, लल्ला?"

"खालचेच बघतात, साहेब. वरच्यांना सगळं जग बघतं." शदलियाने हयातकडे वळून विचारलं, "टिंबं दोन ओळींत आहेत. म्हणजे बाहेर पडलेलेही दोन असणार. मावशी एक. दुसरं कोण?"

हयात उठली. बरण्यांची कपाटं उघडून ती एकेक नंबर निकालाशी ताडत गेली आणि शेवटच्या फळीपाशी थबकली. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त दिसत होतं.

"ही बरणी पण निकालात नाही. आणि ही... हाजी लमजदची आहे."

३

हाजी लमजद सभागृहात पुढच्या रांगेत आधीच जागा अडवून बसला होता. अंगात इस्त्रीची झग्यासारखी जेबा, डोक्यावर ताठ शेशिया टोपी, कानामागे चमेलीचा तुरा. बक्षीस मिळायच्या आधीच मिळाल्यासारखा चेहरा करणं ही त्याची जुनी सवय. त्यात भाव वाढतो.

"हाजी, मबरूक, अभिनंदन! पहिला नंबर," शदलिया म्हणाली.

"अल्लाची कृपा."

"आणि दुसऱ्या बरणीवर कृपा का नाही झाली?"

हाजीची जपमाळ थांबली. "कुठली दुसरी?"

"तुम्ही दोन पाठवल्या होत्या. एक या मोसमाची, एक कसली ते तुम्हालाच ठाऊक. दुसरी निकालातून गायब आहे. तुम्ही निकाल वाचला, तुमच्या लक्षात आलं, आणि तुम्ही ब्र काढला नाहीत. एका हरवलेल्या माणसाने आवार डोक्यावर घेतलं. दुसरा चमेली लावून बसला. का हो?"

हाजीने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "लल्ला, तुम्ही घरच्यासारख्या. ती बरणी जुन्या साठ्यातली. म्हटलं, लागला तर एखादा नंबर लागेल. परीक्षकांनी तोंड वाकडं केलं म्हणे. निकालात तिचं नाव दिसलं नाही, मी म्हटलं बरं झालं, झाकली मूठ! हरवलेलं खेचर लंगडं असेल तर माणूस दवंडी पिटतो का?"

"आणि हयात?"

"ती पोरगी? तिचा होणारा नवरा माझ्याकडे आहे हे खरं. पण गेल्या वर्षी तिने मला साधा निकालही आधी सांगितला नव्हता! मी बकलाव्याचा डबा पाठवला, तो तिने परत पाठवला. वरून निरोप, साखर वाढेल म्हणून." हाजी दुखावल्यासारखा म्हणाला. "असली माणसं भ्रष्ट करायला फार खर्च येतो."

शदलियाने मनातल्या मनात खातं मांडलं. हाजीसाठी चोरी केली म्हणावी, तर चोराने हाजीचाही माल उचललाय. शत्रूसाठी केली म्हणावी, तर हाजीची वाईट बरणी कोण उचलेल? एक सगळ्यात उत्तम तेल आणि एक सगळ्यात टाकाऊ. ज्याला चव कळते असा चोर हे करणार नाही. लोभ असलेलाही करणार नाही.

हा चोर तेल बघतच नव्हता. मालक बघत नव्हता. तो फक्त दोन उचलत होता.

"मला उस्ताद बशीरांकडे जायला हवं," ती तौफिक साहेबांना म्हणाली.

"समारंभ दुपारच्या नमाजानंतर. त्याआधी सही नाही मिळाली तर मी सहीशिवायच पोलिसांना फोन करीन."

हयातने खुर्ची पुन्हा कोपऱ्यात ओढली आणि बसली. "जा तुम्ही," ती शदलियाला म्हणाली. "मी पळणार नाही. पळाले तर बेरीज जुळायची नाही."

४

उस्ताद बशीरांनी आयुष्यभर मुलांना सी भाषा शिकवली. शहरातल्या निम्म्या प्रोग्रामांचा पाया त्यांनी घातलेला, उरलेल्या निम्म्यांचा त्यांच्या विद्यार्थ्यांनी. त्यामुळे शहरातल्या चुकाही एकाच घराण्यातल्या होत्या, असं शदलिया म्हणे. तीही त्याच घराण्यातली.

"माझ्या प्रोग्रामात खोट?" उस्ताद अंगणात शेगडीपाशी बसून चहा तापवत होते. "मशीन बदललं, काळ बदलला, माझी एक ओळ बदलावी लागली नाही. हा प्रोग्राम मी कुठेही चालेल असा लिहिलाय. फोल्डर उघडायचं, एकेक नाव मागायचं, नावं संपली की बंद करायचं. मान्य झालेली रीत! कुठल्याही बापाच्या मशीनवर हीच."

"मूळ लिखाण दाखवता?"

"मुळीच नाही. सुनेला स्वयंपाक दाखवावा, हात दाखवू नये."

शदलियाने हट्ट धरला नाही. म्हाताऱ्या गुरूशी हट्ट धरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती नुसती बघत बसली.

उस्तादांनी चहाची किटली उंच धरली. पहिला पेला भरला आणि न बघता बाजूच्या तुळशीच्या कुंडीत ओतला. दुसरा भरला, तोही ओतला. तिसरा तिच्या हातात दिला.

"पहिले दोन का टाकले?"

"पहिल्या दोनात भुकटी येते, तळाचा कचरा. माझे वडील टाकायचे, मी टाकतो. पहिले दोन पेले प्यायचे नसतात."

तेवढ्यात आतून त्यांची बायको ओरडली, "अहो! मी चहा गाळून भरलाय किटलीत, काल नवी गाळणी आणली ना! चिलगोजे घातलेला चांगला चहा झाडाला पाजताय काय? तुळशीला झोप यायची नाही आता!"

उस्तादांनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. शदलियाने स्वतःच्या पेल्याकडे पाहिलं: स्वच्छ, तांबूस, वर पांढरे चिलगोजे तरंगणारा. भुकटीचा कणही नाही.

ती एकदम उठून उभी राहिली. चहा तसाच.

"उस्ताद, जोडे घाला. माझ्याबरोबर चला."

"कशाला?"

"चोर पकडायला. तो तुमच्या ओळखीचा आहे."

५

सभागृह भरलं होतं. शदलियाने निकालाचं मशीन सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवायला लावलं आणि हयातला मशीनपासून लांब, पार शेवटच्या रांगेत, मब्रूका मावशीच्या शेजारी बसवलं.

"तौफिक साहेब, तिच्या हातात काय आहे?"

"बिस्किट."

"चांगलं. तिचे हात लक्षात ठेवा. हाजी, तुम्ही या. पहिला नंबर तुमचा ना? तुम्हीच बटण दाबा, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको."

हाजी ऐटीत आला. बटण दाबलं. कागद आला. तौफिक साहेब मोठ्याने वाचू लागले, "पहिला नंबर... आगारेबचा बायकांचा सहकारी घाणा!"

शेवटच्या रांगेतून अशी किंकाळी उठली की छतावरची कबुतरं उडाली. साहेब पुढे वाचत गेले, थांबले, कागद उलटा करून पाहिला. "हाजी, तुमची जुन्या साठ्यातली बरणी आहे. पण पहिल्या नंबराची... दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? माझं तेल! चोर! धरा त्या पोरीला!"

"तिच्या हातात अजून बिस्किटच आहे, हाजी," शदलिया म्हणाली. "आणि बटण तर तुम्हीच दाबलंत."

सभागृहात हशा फुटला. हाजीने आपल्या बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

"घाबरू नका, तुमचं तेल सुखरूप आहे. ऐका. प्रत्येक फोल्डरमध्ये फाइलींखेरीज दोन नावं जन्मजात असतात. एक टिंब, म्हणजे 'मी स्वतः'. दोन टिंबं, म्हणजे 'मी ज्या घरात आहे ते घर'. ती फाइल नव्हेत, त्यांच्यात तेल नाही. निकाल काढताना ती गाळावीच लागतात. उस्तादांच्या जुन्या मशीनवर नावं मागितली की ही दोन नेहमी सगळ्यांत आधी यायची. म्हणून उस्तादांचा प्रोग्राम काय करतो? पहिली दोन नावं घेतो आणि न बघता कुंडीत ओततो."

उस्ताद बशीरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"सी भाषेतली रीत म्हणते, फोल्डरमधली नावं तुला एकेक करून मिळतील. कुठल्या क्रमाने, याचं वचन तिने कधीच दिलेलं नाही. काही मशीनं तर ती टिंबं देतही नाहीत. या नव्या मशीनवर नावं आपल्याच गणिताने मागे-पुढे उभी राहतात. सकाळी पुढे उभ्या होत्या मावशी आणि हाजींची जुनी बरणी. त्या कुंडीत गेल्या. टिंबं मागे कुठेतरी होती, ती आत शिरली, बरणी समजून मोजली गेली, शून्य गुण घेऊन तळाला बसली. दोन गेले, दोन आले. बेरीज जुळली! साहेब, तुमचे शाईचे डाग ते हे."

तौफिक साहेबांनी रुमाल काढला.

"पण आत्ता माझं कसं गेलं?" हाजी ओरडला.

"नाव बदललं की रांगेतली जागा बदलते. समारंभाआधी, तुमच्या पुढे जे उभे होते त्या फाइलींची नावं मी बदलत गेले, ते मागे सरकेपर्यंत. तुम्ही पुढे आलात, शेजारी एक टिंब उभं राहिलं. तुम्हाला पुढची रांग आवडते ना, हाजी?"

यावेळी हाजीचा मुकादमसुद्धा हसला, आणि हसून झाल्यावर शेवटच्या रांगेकडे चोरून पाहू लागला.

आता सगळ्यांचे डोळे उस्तादांवर होते. ते सावकाश उठले. शदलियाला वाटलं, आता ते रागावून निघून जातील. ते मशीनपाशी आले, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली.

"मूळ लिखाण माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "कुणाला दाखवत नाही, पण जवळ बाळगतो." त्यांनी पेनड्राइव्ह काढून मशीनला जोडला आणि सगळ्या सभागृहासमोर ती ओळ उघडली: पहिली दोन टाक. "वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं, मशीनवर विसंबू नका, विचारून घ्या. आणि स्वतः विचारलं नाही." त्यांनी ओळ खोडली. तिथे लिहिलं: नाव बघ, टिंब असेल किंवा दोन टिंबं असतील तरच सोड, बाकी कुणालाही सोडू नकोस. मग मान वर करून विचारलं, "आणि क्रम?"

"सगळी नावं गोळा झाल्यावर आपण लावायचा, उस्ताद. मशीनवर सोडायचा नाही."

"अगदी बरोबर. ते मीच शिकवलं होतं ना तुला?"

"हो. आणि पहिली दोन टाकायलाही तुम्हीच शिकवलं होतंत. मी लग्नानंतर सोडलं, सासरचा चहा गाळलेला असतो."

उस्ताद हसले, आणि त्यांच्याबरोबर सगळं सभागृह.

नवा निकाल कुणी वाचायचा, यावर क्षणभर कुजबुज झाली. तौफिक साहेब कागद घेऊन मधल्या वाटेने शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले. चालायला त्यांना जरा वेळ लागला; अपराधी माणसाची वाट लांब असते. त्यांनी कागद हयातच्या हातात दिला.

"तू वाच, मुली. मी सकाळी तुला जे बोललो..."

"ते उतरवून ठेवलेलं नाही," हयात म्हणाली. "पण नोकरीचं पत्र मात्र परत लिहून द्या. सहीसकट."

"आणि नाव बघून लिहा हो साहेब," मब्रूका मावशी म्हणाली. "न बघता ओतायची सवय फार वाईट."

हयात व्यासपीठावर चढली. तिने पहिलं नाव वाचलं तेव्हा आगारेबच्या बायकांनी आनंदाने जीभ हलवत जी लकेर काढली, ती म्हणे बंदरावरच्या नावाड्यांनी ऐकली. दुसरं नाव हाजी लमजदचं होतं. त्याने उठून मावशीसमोर शेशिया काढली, आणि जाता जाता तिच्या पुढच्या मोसमाच्या तेलाचा सौदाही विचारला. मावशीने त्याला नुसता बरणीचा वास दिला. हयात शेवटपर्यंत वाचत गेली. सगळ्यांत शेवटी हाजीची जुनी बरणी होती. तिच्याखाली कागद कोरा होता. एकही टिंब नाही.

संध्याकाळी मंडळाच्या अंगणात उस्तादांनी स्वतः शेगडी पेटवली. किटली उंच धरली, पहिला पेला भरला, आणि सवयीने त्यांचा हात कुंडीकडे वळला.

हात मधेच थांबला. त्यांनी पेला उजेडात धरला, नीट निरखून पाहिला, आणि हयातच्या हातात दिला.